दहावीतला उत्क्रांतीचा धडा ठेवा, पण सुधारून ठेवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

राज्यात नव्या अभ्यासक्रम आराखड्यानुसार पहिलीपासून पाठ्यपुस्तके बदलू लागली आहेत. बदल टप्प्याटप्प्याने दहावीला पोहोचेल, तेव्हा विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २ मधला पहिलाच धडा, ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’, समितीच्या टेबलावर येईल. तो धडा राहावा, आणि आहे तसाच न राहता सुधारून राहावा, यासाठी हे पत्र आत्ताच लिहीत आहोत. पुस्तक छापून झाल्यावर लिहिलेल्या पत्रांनी ओळीही बदलत नाहीत.

काळजीला कारण आहे. केंद्राची शालेय पुस्तके तयार करणाऱ्या एनसीईआरटी या संस्थेच्या दहावीच्या पुस्तकातही ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ असा नववा धडा होता. करोनानंतर ओझे कमी करायचे म्हणून त्यातला जो भाग वगळला, तो २०२३ च्या छापील पुस्तकातून गेलाच आणि धड्याचे नाव नुसते ‘आनुवंशिकता’ उरले. गेलेला भाग नीट पाहायला हवा. झुडपावरच्या लाल, हिरव्या, निळ्या भुंग्यांचे आणि त्यांना टिपणाऱ्या कावळ्यांचे उदाहरण गेले. कमावलेले गुण आणि वारशाने येणारे गुण यांतला फरक गेला. सजीवांची नवी जाती (स्पीशीज) कशी बनते, जीवाश्म म्हणजे काय, माणसाची उत्क्रांती, हे सगळे गेले. उत्क्रांती म्हणजे प्रगती नव्हे हे सांगणारा, शाळकरी पुस्तकांत क्वचितच सापडणारा भाग गेला. पृथ्वीवर जीवन सुरू कसे झाले असेल याची चौकटही गेली. ब्रेकथ्रू सायन्स सोसायटी या विज्ञानप्रसार करणाऱ्या संघटनेच्या निषेधपत्रावर १,८०० हून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी सह्या केल्या. त्यावर उत्तर मिळाले की बारावीच्या जीवशास्त्रात हा विषय सविस्तर आहे. ते खरे आहे. पण बारावीला जीवशास्त्र घेतो कोण? आपल्याच राज्यात दरवर्षी सुमारे १५ लाख मुले दहावीला बसतात. त्यांतली वाणिज्य, कला, आयटीआय, पदविका किंवा नुसते गणित घेऊन जाणारी मुले जीवशास्त्राचे पान पुन्हा उघडत नाहीत. सगळ्यांच्या वाट्याला उत्क्रांती येते ती दहावीतच.

हा वाद सुरू झाला की माणसे लगेच दोन बाजूंना उभी राहतात. एकीकडे ‘धर्माचा विज्ञानावर हल्ला’, दुसरीकडे ‘परकीय विचार मुलांवर कशाला लादता’. कोण कुठे उभा राहील हे त्याने धडा वाचला आहे का यापेक्षा तो घरात काय ऐकत वाढला आणि कोणत्या पक्षाला आपला मानतो यावरून जास्त ठरते. आमचे म्हणणे आहे की ही जोडणी नैसर्गिक नाही, ती तोडता येते, आणि वर्गात ती तोडण्याचे ठरलेले मार्ग आहेत.

जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत वैदिक संमेलनात तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले की डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे, आपल्या पूर्वजांपैकी कोणीही माकडाचा माणूस होताना पाहिल्याचे लिहिलेले किंवा सांगितलेले नाही, म्हणून अभ्यासक्रम बदलावा. हा आक्षेप हसण्यावारी नेऊ नये, कारण तो अनेक घरांत मनापासून विचारला जातो. उत्तर असे आहे: उत्क्रांतीचा सिद्धांत कोणत्याही माकडाचा माणूस झाला असे म्हणतच नाही. माणूस आणि चिंपांझी यांचे समान पूर्वज होते आणि त्या दोन शाखा सुमारे ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या, असे तो म्हणतो. ते कोणी पाहिलेले नसले तरी त्याची खूण तपासता येते. गुणसूत्रे म्हणजे पेशीतले डीएनएचे धागे. चिंपांझीत ती ४८, माणसात ४६. पूर्वज एकच असेल तर एक जोडी गेली कुठे? माणसाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्राच्या मधोमध, एरवी फक्त टोकांना असणारी डीएनएची मालिका सापडते आणि निकामी झालेला दुसरा गुणसूत्रबिंदूही (गुणसूत्राची आवळलेली जागा, जी एरवी एकच असते) सापडतो. दोन गुणसूत्रे टोकाला टोक लागून जोडली गेल्याची ही खूण आहे. दहावीच्या मुलाला हे फळ्यावर पाच मिनिटांत काढून दाखवता येते.

त्या विधानानंतर देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून ते फेटाळले. आणि त्याच खात्याचे वरिष्ठ मंत्री प्रकाश जावडेकर यांनी आपल्या राज्यमंत्र्यांना अशी विधाने टाळण्यास सांगितले. एकाच सरकारातले, एकाच पक्षाचे दोन मंत्री. पक्ष कळला म्हणजे भूमिका कळली, असे इथेही नव्हते.

अमेरिकेतला इतिहास पाहिला तर हे आणखी स्पष्ट होते. १९२५ च्या जुलैत टेनेसी राज्यातल्या डेटन गावी जॉन स्कोप्स या शिक्षकावर उत्क्रांती शिकवल्याचा खटला चालला. सरकारी बाजूला विल्यम जेनिंग्ज ब्रायन उभे होते. ते तीन वेळा अध्यक्षपदासाठी लढलेले, शेतकऱ्यांचे आणि कष्टकऱ्यांचे पुढारी, मोठ्या भांडवलाचे विरोधक, आजच्या भाषेत डावीकडे झुकलेले. ‘बळी तो कान पिळी’ हा डार्विनच्या नावाने सांगितला जाणारा न्याय गरिबांना चिरडेल, ही त्यांची भीती होती. ती भीती खरी होती, चूक होती ती जीवशास्त्रातल्या वर्णनाला समाजाचा आदेश समजण्याची. निसर्गात असे घडते यावरून माणसांनी असे वागावे हे निघत नाही. स्कोप्सना १०० डॉलर दंड झाला, तो १९२७ मध्ये तांत्रिक कारणाने रद्द झाला, आणि उत्क्रांती शिकवायला बंदी घालणारा तो कायदा १९६७ पर्यंत टिकला. नंतर २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हरच्या शाळा मंडळाने ‘बुद्धिमान रचने’चा, म्हणजे सजीव कोणा बुद्धिमान कर्त्याने घडवले असा, विचार जीवशास्त्राच्या तासाला आणला, तेव्हा तो विज्ञान नाही असा निकाल देणारे न्यायाधीश जॉन जोन्स हे रिपब्लिकन होते आणि त्यांची नेमणूक जॉर्ज बुश यांनी केली होती. पक्षाने नव्हे, सहा आठवडे ऐकलेल्या साक्षींनी निकाल ठरवला.

श्रद्धा फक्त देवावरच असते असेही नाही. सोव्हिएत संघात कृषितज्ज्ञ लायसेंको यांना मेंडेलची आनुवंशिकता ‘भांडवलशाही विज्ञान’ वाटली. गव्हाला थंडी दाखवून कमावलेले गुण पुढच्या पिढीत जातील, हे राजकीय विचाराला सोयीचे होते, म्हणून १९४८ मध्ये ते सरकारी सत्य ठरले. जगभरातून बियाण्यांचे वाण गोळा करणारे निकोलाय वाविलोव त्याआधीच, १९४३ मध्ये, तुरुंगात मरण पावले होते. आता त्याच काळातल्या दोन माणसांकडे पाहा: रशियन जीवरसायनशास्त्रज्ञ ओपारिन आणि ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ हाल्डेन. साध्या रसायनांतून जीव आपसूक घडत गेला असेल, ही मांडणी ओपारिन यांनी १९२४ मध्ये आणि हाल्डेन यांनी १९२९ मध्ये स्वतंत्रपणे केली. दोघेही साम्यवादी विचारांचे. जगात जडद्रव्यापलीकडे काही नाही या त्यांच्या धारणेनेच त्यांना हा प्रश्न विचारण्याचे बळ दिले असावे. आणि तीच धारणा लायसेंकोच्या वेळी आड आली. ओपारिन यांनी त्याला साथ दिली, हाल्डेन यांना त्याच्याविरुद्ध स्पष्ट बोलायला फार वेळ लागला. पुढे हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, इथले नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. एनसीईआरटीच्या वगळलेल्या चौकटीत त्यांचेच नाव होते.

धारणेतून प्रश्न यायला हरकत नाही, उत्तर मात्र प्रयोगातून यावे. याचे मराठी वाचकाला जवळचे उदाहरण डॉ. जयंत नारळीकरांचे आहे. जीवनाची बीजे अंतराळातून आली असावीत या कल्पनेकडे त्यांचा आणि त्यांचे गुरू, ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांचा ओढा होता. ती तपासण्यासाठी २००५ च्या एप्रिलमध्ये हैदराबादहून एक बलून सोडला गेला. सोबत ४५९ किलोचे उपकरण, त्यात ३८ किलो द्रवरूप निऑन आणि निर्वात, निर्जंतुक केलेल्या पोलादाच्या १६ नळ्या. २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा थंडीने गोठवून नळ्यांत ओढली. हैदराबाद आणि पुण्याच्या दोन प्रयोगशाळांनी ती वेगवेगळी तपासली. १२ जिवाणूंच्या आणि ६ बुरशींच्या वसाहती वाढल्या, त्यांतल्या ३ जिवाणू-जाती नव्या निघाल्या. एकीला हॉईल यांचे, एकीला इस्रोचे, एकीला आर्यभटाचे नाव मिळाले. २००९ मध्ये हे जाहीर करतानाच सांगितले गेले की यावरून हे जीव पृथ्वीबाहेरचे आहेत असे सिद्ध होत नाही. पुढे आर्यभटाच्या नावाची जाती जमिनीतही सापडली. ओढा एका बाजूला असूनही आकडे जिथपर्यंत नेतात तिथेच थांबायचे, हे मुलांना शिकवायला यापेक्षा चांगला पाठ आम्हाला ठाऊक नाही. नव्या धड्यात तो यावा.

आता वर्गात काय करता येईल ते. अमेरिकेत २०१२ च्या एका पाहणीत ‘आजचा माणूस आधीच्या प्राण्यांपासून विकसित झाला, खरे की खोटे’ असे विचारल्यावर ४८ टक्के लोकांनी ‘खरे’ म्हटले. दुसऱ्या गटाला त्याच वाक्याआधी ‘उत्क्रांतीच्या सिद्धांतानुसार’ एवढे शब्द जोडून विचारले, तेव्हा ‘खरे’ म्हणणारे ७२ टक्के झाले. म्हणजे कित्येकांना सिद्धांत काय सांगतो हे माहीत होते, ‘खरे’ म्हणणे म्हणजे आपली माणसे सोडणे, एवढेच त्यांना नको होते. तिथल्याच प्यू या जनमत-पाहण्या करणाऱ्या संशोधन केंद्राने २०१८ मध्ये दोन पद्धतींनी विचारून पाहिले. आधी ‘उत्क्रांती झाली की नाही’ आणि मग त्यात देवाचा हात होता का, असे दोन टप्प्यांत विचारले तर ३१ टक्के लोक म्हणाले, माणूस पहिल्यापासून असाच आहे. ‘उत्क्रांती झाली आणि ती देवाने घडवली’ हा पर्याय सुरुवातीलाच समोर ठेवला, तर असे म्हणणारे १८ टक्केच उरले. कृष्णवर्णीय प्रोटेस्टंटांत हा आकडा ५९ वरून २७ वर आला.

यातून शिक्षकासाठी अगदी साधी पद्धत निघते. धडा सुरू करताना पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकावे की देव आहे की नाही हा या धड्याचा प्रश्न नाही, सजीवांत पिढ्यानपिढ्या बदल कसा होतो हा आहे. प्रश्नपत्रिकेत ‘तुम्हाला काय वाटते’ असे न विचारता ‘नैसर्गिक निवडीच्या सिद्धांतानुसार स्पष्ट करा’ असे विचारावे. कोणत्याही मुलाला उभे करून ‘तुझ्या घरी काय मानतात’ हे कधीही विचारू नये. ते विचारताच मूल आईवडिलांची बाजू घेते आणि तिथेच ऐकणे थांबवते. उत्क्रांती पटली की देव सुटलाच पाहिजे असे सांगणारे आपले काही पुरोगामी मित्र इथेच धड्याचे नुकसान करतात. त्यांचा हेतू चांगला असतो हे मान्य करूनही हे लिहावेसे वाटते.

उलट बाजूची चूक म्हणजे दशावतार. जानेवारी २०१९ मध्ये जालंधरच्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये एका कुलगुरूंनी दशावतार हा डार्विनपेक्षा सरस सिद्धांत असल्याचे सांगितले. मासा, कासव, वराह, नरसिंह, वामन हा क्रम वरवर जुळतो. पण त्यात वनस्पती नाहीत, कीटक नाहीत, पक्षी नाहीत, आणि सस्तन वराह नरसिंहाच्या आधी पूर्ण झालेला आहे. मुख्य म्हणजे अवतार कशासाठी हे गीतेनेच सांगितले आहे: परित्राणाय साधूनां. जाती कशा निर्माण झाल्या हा तिथे प्रश्नच नाही. वर्गात कोणी दशावतार काढला तर एवढे आदराने सांगून पुढे जावे.

जुन्या विचारांतले जे तपासता येते ते मात्र जरूर तपासावे. जारज, अंडज, स्वेदज, उद्भिज या चार खाणी आपल्याकडे घरोघरी माहीत आहेत. यातला स्वेदज, म्हणजे घामातून किंवा ओलीतून आपोआप होणारा जीव, ही कल्पना युरोपातही होती आणि १६६८ मध्ये इटलीतल्या रेदी या वैद्यांनी मांसाच्या बरण्यांवर जाळीचे कापड बांधून ती खोडायला सुरुवात केली. शाळेत मांस आणायची गरज नाही. टोके (धान्यातले सोंडकिडे) लागलेला अर्धा किलो गहू घ्या. चाळून दिसणारे सगळे किडे काढा. अडीचशे ग्रॅमचे दोन भाग करा. एक भाग घट्ट बांधलेल्या पिशवीत घरच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात दहा दिवस ठेवा, दुसरा बाहेर. मग दोन्ही कोरड्या काचेच्या बरण्यांत भरून तोंडाला दुहेरी मलमल करकचून बांधा आणि सहा आठवडे थांबा. बाहेरच्या गव्हात पुन्हा टोके दिसतील, गोठवलेल्यात दिसणार नाहीत. मुले म्हणतील, चाळला होता तरी झाले, म्हणजे आपोआपच झाले. तेव्हा भिंगाखाली दाणा दाखवा: मादी दाण्याला भोक पाडून आत अंडे घालते आणि वरून बूच लावते, म्हणून चाळणीने अंडी जात नाहीत, थंडीने मात्र मरतात. दोन गोष्टी हमखास बिघडतात. पिशवी थंड असतानाच उघडली तर दाण्यांवर पाणी धरते आणि बुरशी येते, तेव्हा ती खोलीच्या तापमानाला आल्यावरच सोडावी. आणि कापड सैल राहिले तर बाहेरून किडा शिरून प्रयोग फसतो.

हा प्रयोग झाला की हुशार मुलगी विचारतेच: जीव जीवापासूनच होतो, तर पहिला जीव कुठून आला? इथे दोन प्रश्न वेगळे करावेत. आजच्या गव्हात किडा आपोआप होत नाही. पण सुमारे ४५४ कोटी वर्षे वयाच्या पृथ्वीवर, ऑक्सिजन जवळजवळ नसताना, रसायनांतून जीवाकडे जाणारी वाट होती का, हा दुसरा प्रश्न. १९५३ मध्ये अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ मिलर यांनी मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याची वाफ यांत आठवडाभर विजेच्या ठिणग्या पाडल्या आणि त्यात प्रथिनांचे घटक असलेली अमिनो आम्ले मिळाली. जीव मिळाला नाही, आणि अजून कोणालाही तसा मिळालेला नाही. डार्विनचा सिद्धांत या प्रश्नावर उभा नाही, तो जीव अस्तित्वात आल्यानंतरच्या बदलाबद्दल आहे. हे सांगितल्याने विज्ञान कमी ठरत नाही, उलट मुलांचा विश्वास वाढतो.

नैसर्गिक निवड, म्हणजे परिस्थितीला जुळणारे जीव जास्त टिकून त्यांचे प्रमाण वाढणे, हे समजावण्यासाठी आपलेच वर्तमानपत्र पुरते. पंचिंग मशीनने त्याच्या मजकुराच्या भागातून ५० टिकल्या पाडा आणि तशाच ५० टिकल्या साध्या रंगीत कागदाच्या. मथळे आणि चित्रे टाळा, त्यांच्या टिकल्या लगेच उठून दिसतात. घोटीव कागदही नको, तो बोटाला वेगळा लागतो. वर्तमानपत्राचे उलगडलेले पान जमिनीवर पसरा, १०० टिकल्या विखरा, पंखा बंद करा. चार मुले पक्षी होतील. नियम एकच: एका वेळी एकच टिकली उचलायची, वाटीत टाकायची, मान वर करायची आणि मग पुन्हा. ७५ टिकल्या खाऊन झाल्या की थांबा. उरलेल्या २५ पैकी समजा १६ वर्तमानपत्राच्या आणि ९ रंगीत आहेत. प्रत्येकीला तिच्याच प्रकारची तीन पिल्ले द्या, म्हणजे ६४ आणि ३६ झाल्या. असे तीन डाव एका तासिकेत बसतात.

चूक बहुधा शेवटी होते. मुले लिहितात, ‘टिकल्यांनी स्वतःला कागदासारखे करून घेतले.’ एकही टिकली बदललेली नाही, प्रमाण बदलले आहे, हे तिथल्या तिथे मोजून दाखवावे. मग तोच खेळ त्या रंगीत कागदावर करावा. निकाल उलटा लागतो, आणि ‘श्रेष्ठ’ टिकली अशी काही नसतेच, परिस्थितीला जुळणारी असते, हे न सांगता कळते. एका गटाला फक्त २० टिकल्या देऊन ५ वर थांबवावे. त्यांचा निकाल कधी भलताच येतो. लहान समूहात योगायोगाचे वजन मोठे असते, तेही समजते.

आपल्या शब्दानेही घोळ होतो. ‘उत्क्रांती’त वर चढण्याचा भाव आहे, आणि ‘क्रांती’ ऐकून एकदम उलथापालथ डोळ्यांसमोर येते. शब्द आता रुळला आहे, बदलू नये, पण धड्याच्या पहिल्या पानावर याचा खुलासा हवा.

विदर्भातल्या मुलांना मात्र उत्क्रांती परकीय वाटण्याचे कारणच नाही. ती त्यांच्या शेतात घडली आहे. २००२ मध्ये बीटी कापसाला, म्हणजे जिवाणूचे जनुक घातल्याने झाडातच अळीला मारणारे विष तयार करणाऱ्या कापसाला, परवानगी मिळाली, २००६ मध्ये दोन जनुकांचे बियाणे आले, आणि २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भातली बोंडे आतून पोखरली. अळीने ‘सवय करून घेतली’ असे घरी बोलले जाते. तसे झालेले नाही. विष पचवणारे जनुक आधीच फार थोड्या अळ्यांत होते, आणि अळीला ते आई आणि बाप दोघांकडून मिळाले तरच ती बीटी झाडावर पूर्ण तगत होती. समजा असे जनुक हजारात एक आहे. मग दोन्हीकडून मिळालेली अळी दहा लाखांत एखादीच. जवळ बिगर-बीटी कपाशी असेल तर त्या एखाद्या पतंगाला जोडीदार तिथल्या साध्या पतंगांतला मिळतो, पिल्लांना जनुक एकाच बाजूने येते आणि ती बीटी झाडावर मरतात. ४५० ग्रॅमच्या बीटी पाकिटासोबत १२० ग्रॅम साधे बियाणे मिळत असे ते यासाठी. ते लावले गेले नाही की वाचलेल्यांचा संबंध वाचलेल्यांशीच येतो आणि थोड्या वर्षांत सगळे गणित उलटते.

इथेही मते पक्षावर वाटली जातात. कोणी म्हणतो कंपनीने लुटले, कोणी म्हणतो शेतकऱ्याने नियम पाळले नाहीत. जीवशास्त्र दोघांनाही अर्धेच बरोबर ठरवते. साध्या बियाण्याकडे दुर्लक्ष झाले, हे खरे. फरदड घेतल्याने, म्हणजे हंगाम संपल्यावरही तेच पीक शेतात ठेवल्याने, अळीला मार्चपर्यंत अन्न मिळाले, हेही खरे. पण आपल्याकडे बीटी विकले गेले ते संकरित वाणांत, आणि अशा एका जनुकाच्या वाणात बोंडातल्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या सरकीत विष नसतेच. सरकी खाणाऱ्या या अळीला एकाच बोंडात विषारी आणि बिनविषारी दाणे मिळाले. दीर्घ कालावधीच्या वाणांनी हंगाम लांबवला. चौथ्या हिश्श्याचे ते गणित मेंडेलच्या आनुवंशिकतेतल्या ३:१ या प्रमाणातूनच निघते. डोमकळी (अळी लागल्याने न उमललेले, गुलाबाच्या कळीसारखे फूल) ओळखणारा मुलगा हा धडा इतर कोणाहीपेक्षा लवकर शिकेल, तो त्याच्यापुढे असा मांडला तर. मादीच्या गंधाने नर पतंग ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ किंवा जास्त पतंग आले की उपाय करायचा, हा आकडाही त्याच पानावर छापावा.

सध्याच्या धड्यातल्या दुरुस्त्याही कराव्यात. मानवाच्या वंशावळीत अजून रामापिथेकस हा जीवाश्मांवरून ओळखला गेलेला कपी येतो. १९८० च्या दशकापासून तो आपला पूर्वज नव्हे, तर ओरांगउटानच्या जवळचा शिवापिथेकस मानला जातो. निअँडरथल हा नामशेष झालेला मानव आपल्या सरळ रेषेतला आजोबा नव्हे, बाजूची शाखा होती, पण दोघांचा संकर झाला होता. आफ्रिकेबाहेरच्या माणसांत, म्हणजे आपल्यातही, त्यांचा १ ते २ टक्के डीएनए आहे. या संशोधनासाठी स्वांते पेबो यांना २०२२ चे नोबेल मिळाले. माकडापासून सरळ उभ्या माणसापर्यंतची एका ओळीतली ती प्रसिद्ध रांग काढून टाकावी आणि तिथे फांद्या फुटलेले झाड छापावे. ‘माकडाचा माणूस’ हा गैरसमज निम्मा त्या चित्रानेच रुजवला आहे. कार्बन वयमापनाखाली ठळक लिहावे की ते सुमारे ५० हजार वर्षांपर्यंतच चालते, कारण कार्बन-१४ दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो. डायनोसॉरचे वय त्याने निघत नाही, त्यासाठी ज्वालामुखीच्या खडकातले पोटॅशियम आणि अरगॉन मोजतात. परीक्षेत दरवर्षी चुकणारा हा मुद्दा आहे.

आणि जीवाश्मांची उदाहरणे परदेशातलीच का? आमच्या वरोरा तालुक्यातल्या पिसदुऱ्याला डायनोसॉरची हाडे आणि त्या काळच्या विष्ठेचे दगड झालेले गोळे सापडतात. २००५ मध्ये त्या गोळ्यांत गवताच्या पेशींतले सिलिकाचे कण मिळाले, आणि डायनोसॉरच्या काळात गवत नव्हते ही तोपर्यंतची जगभरची समजूत बदलावी लागली. गडचिरोलीत सिरोंच्याजवळ वडधमचे जीवाश्म उद्यान आहे. या दोन्ही ठिकाणांचे एकेक छायाचित्र आणि नकाशा धड्यात यावा, आणि पावसाळा संपल्यावर जवळच्या शाळांच्या सहली तिथे न्याव्यात. दगड उचलून घरी न्यायचे नाहीत, जागेवरच पाहून, मोजून, चित्र काढून परत ठेवायचे, एवढी सूचना शिक्षकांनी आधी द्यावी.

आपले,
दहावीला विज्ञान शिकवणारे दोन शिक्षक,
वरोरा (जि. चंद्रपूर)